जमिनीलगतची हवा आणि डॉ. रामदास यांचे संशोधन

पौषातल्या पहाटे नांगरून पडलेल्या रानातून अनवाणी चालून गेलेल्या मनुष्यास एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. ती ही की, तळव्यांस जेवढे गार लागते त्याहून पोटऱ्यांस अधिक गार लागते. आमचे तीर्थरूप ही गोष्ट वारंवार बोलून दाखवीत, आणि आम्ही ती म्हाताऱ्या माणसाच्या अंगातील वाताचा प्रकार समजून हसण्यावारी नेत असू. पुढे आमचे सारे आयुष्य महसुली दप्तरात गेले. निवृत्तीनंतर घरच्या साडेचार एकरांकडे पाहण्यास सवड झाली, व त्याबरोबर वाचनासही झाली. त्या वाचनात असे आढळले की, वडिलांनी पोटऱ्यांनी ओळखलेली हीच गोष्ट एका शास्त्रज्ञाने पारा लावून मोजली होती व १९३२ साली प्रसिद्ध केली होती. आणि परदेशच्या कित्येक विद्वानांनी तिजवर पुढील वीसपंचवीस वर्षे विश्वास ठेवला नव्हता. त्या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. एल. ए. रामदास. त्यांचे काम पुण्याच्या काळ्या जमिनीवर झालेले असून आपल्या शेतकरी वर्गास त्यांचे नावही फारसे माहीत नसावे, ही आम्हांस लाजेची गोष्ट वाटते. सबब हा लेख.

डॉ. रामदास यांचा जन्म १९०० साली पालघाट येथे झाला. ते मुळात शेतकी खात्यातले नव्हेत, पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली त्यांनी प्रकाशाच्या विकिरणाचा अभ्यास केला. रामन यांचा जगप्रसिद्ध शोध लागला त्याच वर्षी, म्हणजे १९२८ साली, 'नेचर' या विलायती शास्त्रीय नियतकालिकात रामदास यांचे टिपण आले असून त्याच्या मथळ्यातच 'रामन परिणाम' हे नाव आहे. अशा मनुष्याने हवामान खात्यात शिरून ढेकळांत उष्णतामापक खुपसण्यात उमेद घालवावी, हे त्या काळच्या पुष्कळांस चमत्कारिक वाटले असेल. आम्हांस तसे वाटत नाही. प्रकाश व उष्णता यांचे कायदे ज्यास पाठ आहेत, त्यासच रात्रीच्या मोकळ्या आकाशाखाली जमीन आपली ऊब कशी गमावते याचा हिशेब मांडता येतो.

त्या वेळची परिस्थिती अशी होती. शेतीच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाने १९२८ साली आपला अहवाल दिला. हवामान व पिके यांचा संबंध शास्त्रीय रीतीने तपासावा, अशी निकड त्यानंतर भासू लागली, आणि १९३२ साली पुण्यास हवामान खात्यात कृषी-हवामानाची स्वतंत्र शाखा निघून ती रामदास यांच्या हाती आली. हवामान खात्याची कचेरी शिमल्याहून पुण्यास आली होती व तिच्या इमारतीस लोक 'शिमला ऑफिस' म्हणू लागले होते. त्या चौकास ते नाव अजून आहे. तेथून जवळच कृषी महाविद्यालयाच्या शेतावर या शाखेची वेधशाळा थाटण्यात आली. कलमकर, गद्रे, द्रविड, कट्टी असे सहकारी रामदास यांना लाभले.

रामदास यांनी प्रथम विचारलेला प्रश्न साधा आहे, पण आमच्या मते सर्व काही त्यातच आहे. वेधशाळेच्या शिरस्त्याप्रमाणे उष्णतामापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या व झापडांच्या लाकडी पेटीत ठेवतात. वृत्तपत्रात 'आजचे किमान' म्हणून छापतात ते त्या पेटीतले. आता चार फुटांवर राहतो कोण? हरभरा राहत नाही, भुईमूग राहत नाही, कांद्याचे रोप तर नाहीच. पिकाचा जन्म जमिनीखाली दोन बोटांवर होतो, बालपण जमिनीवर वीतभरात जाते. तेथील हवामान पेटीतल्या हवामानासारखेच असते, असे मानण्यास आधार काय? रामदास यांनी तो आधार शोधला व तो नाही असे त्यांस दिसून आले.

उन्हाळ्याचे घेऊ. पुण्यास वैशाखात पेटीतला पारा ३८-४० अंशांवर असतो. त्याच दुपारी उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर ६० अंशांच्याही पुढे तापतो. शेतकरी दुपारी दोन वाजता ढेकळावर पाय ठेवीत नाही, त्याचे कारण हे. या तापलेल्या थराला लागून जी हवा असते ती सतत थरथरत असते; दूरवर पाणी असल्याचा जो भास होतो तो तिच्यामुळेच. रामदास यांनी त्या थरथरणाऱ्या हवेचाही अभ्यास केला. खाली जावे तसा हा ताप झपाट्याने ओसरतो. वीतभर खोलीवर सर्वांत उष्ण वेळ दुपारची नसून दिवस मावळल्यानंतरची असते, कारण वरचा ताप खाली झिरपण्यास तेवढे तास लागतात. आणि आणखी खाली गेल्यास दिवस कोणता व रात्र कोणती हे मुळांना कळत नाही म्हटले तरी चालेल.

येथे त्यांनी केलेला एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काळ्या जमिनीच्या एका तुकड्यावर त्यांनी पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला. शेजारचा तुकडा तसाच उघडा ठेवला. दोन्हींवर ऊन तेच, वारा तोच, माती तीच. पण पांढरा तुकडा काळ्याच्या मानाने पुष्कळ थंड राहिला. आणि वरचाच नव्हे, तर खालची मातीही थंड राहिली. काळी जमीन सूर्याची उष्णता बहुतेक गिळून टाकते, पांढरा रंग ती परत फेकतो, एवढेच याचे मर्म. कोणी म्हणेल, आता शेतास चुना फासावा काय? तसे नव्हे. परंतु उसाचे पाचट रानात पसरून ठेवावे की पेटवून द्यावे, याविषयी आमच्या भागात दरवर्षी वाद होतो. त्या वादात पाचट ओल धरते एवढेच सांगतात. ते वाळल्यावर फिकट पिवळे होते व काळ्या मातीचे तोंड उन्हापासून झाकते, हा दुसरा मुद्दा कोणी काढीत नाही. तो या प्रयोगावरून काढता येतो.

दुसरा विषय दहिवराचा. सोलापूर-विजापूरकडील रब्बी ज्वारी दहिवरावर पिकते, ही समजूत फार जुनी आहे. पेरणीनंतर पाण्याचा थेंब न पडता कणसे भरतात हे डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य दुसरे काय म्हणणार? रामदास व कट्टी यांनी पुण्यास निरभ्र दिवसांत मातीचे नमुने दिवसा व रात्री तोलून पाहिले. त्यांना असे दिसले की दिवसा वरच्या थरातली ओल उडून जाते, व रात्री तोच कोरडा थर हवेतील वाफ शोषून वजनाने वाढतो. काळ्या चिकण मातीस ही ओढ मोठी असते. म्हणजे समजूत अगदीच निराधार नव्हे. परंतु हिशेब पुरता मांडला पाहिजे. रात्री मिळविलेले हे धन सकाळचे ऊन वर येताच परत जाते. पानांवर पडणारे दव म्हणावे तर आपल्याकडे ते एका रात्रीत मिलिमीटरचा एखाददुसरा दशांश पडते. साठ रात्री रोज दव पडले तरी बेरीज सहा ते बारा मिलिमीटर, म्हणजे एक हलकी सर. उलट भर वाढीतली ज्वारी हिवाळ्यात एका दिवसालाच तीन-चार मिलिमीटर पाणी पिते. तेव्हा ज्वारी पिकते ती हस्त-चित्राच्या पावसाने खोल काळ्या जमिनीत साठविलेल्या ओलीवर, हेच खरे. दहिवराने पान पहाटे थोडे तरतरीत होते, त्याचप्रमाणे तांबेऱ्यासारख्या रोगांसही बळ मिळते. दहिवराची स्तुती करणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही पाहावी.

कलमकर व गद्रे यांच्याबरोबर त्यांनी उभ्या पिकाच्या पोटात यंत्रे ठेवून मोजमापे घेतली. उसाच्या फडात भर दुपारी शिरलेल्या माणसाला जो दमटपणा जाणवतो तो तेथे आकड्यांत उतरला. प्रत्येक पीक स्वतःभोवती आपली स्वतंत्र हवा निर्माण करते, असे यावरून ठरले. पुढे या विषयास इंग्रजीत मोठे नाव मिळाले. आपण त्यास शिवारातील हवामान म्हणू.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. रात्र निरभ्र व निवांत असली म्हणजे जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडीत राहते व थंड होते. तिला लागून असलेली हवा तिच्यामुळे थंड होते. म्हणून सर्वांत गार जागा जमिनीवरच असली पाहिजे व वर जावे तसतशी ऊब वाढली पाहिजे, असे सर्व ग्रंथांत होते. रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन् यांनी उघड्या जमिनीवर निरनिराळ्या उंचींवर पारा पाहिला, तेव्हा सर्वांत गार थर जमिनीवर न सापडता तिच्यावर एक वीत ते एक हात उंचीवर सापडला. तेथील हवा खालच्या जमिनीपेक्षा काही अंशांनी थंड होती. ही गोष्ट पुण्यासच नव्हे, तर देशातील इतर ठिकाणीही त्यांस आढळली.

विद्वानांनी ती का नाकारली? कारण उघड आहे. थंड हवा जड, गरम हवा हलकी. खाली हलकी व वर जड अशी स्थिती टिकावी कशी? जड हवा तत्काळ खाली बसली पाहिजे. तेव्हा यंत्रेच चुकली असावीत, असा निर्णय पुष्कळांनी घरी बसून दिला. रामदास यांनी वाद घालण्यापेक्षा मोजणे चालू ठेवले. पुढे १९५६ साली इंग्लंडात लेक नावाच्या अभ्यासकास असाच थर आढळला. १९५७ साली राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने अधिक नाजूक उपकरणांनी खुद्द पुण्यात घेतलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली व रामदास यांचे म्हणणे खरे ठरले. मग विद्वान लोक कारण शोधू लागले. ते काम आपल्याच देशात, बंगळूर येथे झाले. रोद्दम नरसिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली त्याची गणिती उपपत्ती मांडली: जमिनीलगतची हवा स्वतःही आकाशाकडे उष्णता सोडते, आणि विशिष्ट परिस्थितीत जमिनीपेक्षा लवकर निवते. २०१० च्या सुमारास तेथीलच अभ्यासकांनी हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म धुळीचा त्यात मोठा वाटा असल्याचे दाखविले. शास्त्रीय वाङ्मयात या थरास 'रामदास थर' असे नाव आहे. १९५८ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली आणि १९७९ साली ते निवर्तले.

याचा आपणांस उपयोग काय, असे विचारणाऱ्यास आम्ही दोन गोष्टी सांगू. पहिली ही की, हा थर उघड्या किंवा विरळ पिकाच्या जमिनीवरचा आहे. पीक दाट होऊन त्याने जमीन झाकली म्हणजे आकाशाकडे तोंड पानांच्या शेंड्यांचे होते व गारठ्याची जागा तेथे सरकते. द्राक्षाचा मांडव तर पाच-सहा फुटांवर, त्यास हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. पण नुकतीच लावलेली टोमॅटो-वांग्याची रोपे, केळीचे कोवळे खुंट, विरळ उगवलेला बटाटा ही सारी नेमकी त्या हातभर उंचीत सापडतात. अशा वेळी संध्याकाळी हलके पाणी देण्याची जी जुनी रीत आहे ती शहाणपणाची होय. ओली माती दिवसाची ऊब खालून वर लवकर पोहोचविते, कोरडी भुसभुशीत माती पोहोचवीत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची आहे. अलीकडे फळपिकांचा हवामानावर आधारित विमा निघाला आहे. त्यात पिकाची पाहणी न करता महसूल मंडळातील हवामान केंद्राची नोंद पाहून भरपाई ठरते. जळगावकडील केळीस थंडीचा असा निकष आहे. केंद्र मंडळात एक, गावे अनेक, आणि पारा मोजावयाचा तो माणसाच्या छातीच्या उंचीचा. ओढ्याकाठच्या खोलगट रानात थंड हवा साचून राहते व माळावरच्या रानापेक्षा तेथील पारा खाली जातो, हे केंद्राच्या नोंदीत येणार कसे? आम्ही योजनेच्या विरुद्ध नाही. पूर्वी काही नव्हते, आता काही आहे. पण यंत्राचा आकडा म्हणजे शेताचा आकडा नव्हे, हे आकडा लिहिणाऱ्याने व वाचणाऱ्याने दोघांनीही ध्यानात धरावे.

हे आम्ही दुसऱ्यास शिकविण्याच्या अधिकाराने लिहीत नाही, हे सांगणे भाग आहे. नोकरीत असता एका तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापकाची नोंदवही काही वर्षे आमच्याकडे होती. रोज सकाळी साडेआठास मापनळीत पाणी ओतून आकडा लिहावयाचा, एवढेच काम. एकदा श्रावणात शनिवारी दुपारी आम्ही गावी गेलो. रविवारी मापक कोणी पाहिला नाही. सोमवारी सकाळी त्यात ९१ मिलिमीटर पाणी निघाले. वहीत रविवारचा रकाना मोकळा दिसू नये म्हणून आम्ही त्याचे दोन भाग केले. रविवारी ४६, सोमवारी ४५. अक्षर सुंदर, रकाने भरलेले. पुढे ओढ्याला पूर येऊन ताली फुटलेल्या शेतकऱ्यांचे अर्ज आले. अतिवृष्टी म्हणावयाची ती चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाल्यास. आमच्या वहीप्रमाणे त्या मंडळात दोन्ही दिवशी तेवढा पाऊस झालेला नव्हता. मंडळ यादीतून गळाले.

त्या गावचा एक वृद्ध शेतकरी, ज्याची बांधासह वीस गुंठे माती वाहून गेली होती, कचेरीत आमच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. त्याने रागावून काही म्हटले नाही. "भाऊसाहेब," तो म्हणाला, "रविवारी दिवसभर आम्ही खळ्यावर शेंगा वाळत घातल्या होत्या. पाऊस आला तो रातच्याला, दिवा लावल्यावर. तो तुमच्या वहीत दोन दिवस वाटून कसा पडला?"

आम्ही त्यास नियम सांगितला. नियम खरा होता, आकडा खोटा होता. वही दुरुस्त करावयाची तर वरिष्ठांपुढे चूक कबूल करावी लागली असती, आणि ती आम्ही केली नाही. तो शेतकरी आज हयात नाही. त्याच्या मुलास ही हकीकत आम्ही निवृत्तीनंतर स्वतः जाऊन सांगितली. तो म्हणाला, "आता बोलून माती थोडीच परत येणार, भाऊसाहेब?" आणि त्याने चहा मागविला. तो चहा आम्हांस अवघड गेला.

रामदास यांचे लेखन वाचताना ही नोंदवही वारंवार डोळ्यांपुढे येत असे. जगातले मोठमोठे लोक 'असे होणारच नाही' म्हणत असता ज्याने जे दिसले तेच लिहिले, त्याचा आम्हांस अधिक अचंबा वाटतो तो यामुळेच. आम्हांस तर कोणी काही म्हणतही नव्हते. केवळ एक रकाना मोकळा दिसत होता.

गेल्या हिवाळ्यात आम्ही स्वतः एक लहानसा प्रयोग केला. बाजारातून साधे तीन उष्णतामापक आणले. प्रथम तिन्ही एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवून पाहिले, तो एक जण दुसऱ्या दोघांहून अर्धा अंश चढा निघाला. तसे त्यावर लिहून ठेवले. नांगरलेल्या मोकळ्या वाफ्यात एक काठी रोवली व एक मापक जमिनीस टेकून, दुसरा फुटावर, तिसरा चार फुटांवर बांधला. अकरा दिवस पहाटे पाचास विजेरी घेऊन पाहावयास गेलो. घरची मंडळी काय म्हणाली ते येथे लिहिण्याचे कारण नाही. सात दिवस काही विशेष दिसले नाही. त्यांपैकी बहुतेक रात्री वारा होता व एकदा आभाळ आले होते. परंतु राहिलेल्या चार पहाटे, रात्र स्तब्ध व निरभ्र असता, मधल्या मापकाचा पारा खालच्या व वरच्या दोहोंपेक्षा उतरलेला होता. आमची यंत्रे स्वस्तातली, तेव्हा किती अंश ते छापण्याची आमची तयारी नाही. पण तो उतरलेला होता एवढे निश्चित, आणि तीर्थरूपांच्या पोटऱ्या खोटे बोलत नव्हत्या.

ज्या सभासदांस हे करून पाहावयाचे असेल त्यांनी मार्गशीर्ष ते माघ या काळात, झाडाच्या व घराच्या आडोशापासून दूर, मोकळ्या जमिनीवर काठी रोवावी. मापक आधी एका पाण्यात बुडवून त्यांचा आपसांतला फरक टिपून घ्यावा. पाहताना तोंडाची वाफ व हाताची ऊब त्यास लागू देऊ नये. वारा होता की नव्हता, आभाळ होते की नव्हते, जमिनीस शेवटचे पाणी केव्हा दिले, हे आकड्याशेजारी लिहावे. ज्या पहाटे जाणे झाले नाही त्या दिवसाचा रकाना कोरा ठेवावा. नोंदीचे कोरे तक्ते आम्ही आखून ठेविले आहेत; मंडळाच्या कचेरीत मागितल्यास मिळतील. भरलेले तक्ते फाल्गुनाच्या आत आले तर चैत्राच्या अंकात ते एकत्र छापण्याचे संपादकांनी मान्य केले आहे.